पांगहून अण्णांना

पांग, लडाख

तीर्थस्वरूप अण्णा यांस,


धाब्याच्या तंबूत बसून लिहितोय. हात ग्रीसने काळे आहेत, कागदालाही डाग पडलेत. त्याबद्दल माफ करा.

आधी खरं सांगून टाकतो. निघण्यापूर्वी सायकलचं मागचं चाक मी तुमच्याकडून बांधून घेतलं नाही, एका नव्या दुकानात दिलं. तुम्ही म्हणाला होतात, चार दिवस ठेव, बांधतो, मग पन्नास किलोमीटर चालवून आण, पुन्हा आवळून देतो. तिथे दोन तासांत मिळालं. रजा मोजकी होती, मला घाई झाली. तुम्हाला सांगायची लाज वाटली.

मनालीहून सर्चूपर्यंत सायकलने काहीही त्रास दिला नाही. रोहतांगला दम लागला, बारालाचाला डोकं दुखलं, पण ते माझं दुखणं. तांदीच्या पेट्रोल पंपावर पाटी आहे : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ती गाड्यांसाठी, पण माझ्या डोळ्यांपुढे तुमचं दुकान आलं. छताला टांगलेल्या रिमा, पंक्चर बघायची पाण्याची घमेली, सगळं.

काल गाटा लूपची २१ वळणं चढून, नकी ला ही खिंड ओलांडून व्हिस्की नाल्याला मुक्काम केला. आज सकाळी लाचुलुंग ला. उंची पाच हजार मीटरच्या वर. पलीकडच्या उतारावर रस्ता असा नव्हताच, गोटे, धूळ आणि पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या. तिथे मागून 'टिंग' असा आवाज आला. एकच. खडा उडून स्पोकला लागला तर असाच आवाज येतो, तरी मी ब्रेक दाबला. तुमच्या दुकानात शाळेनंतर बसून कान तयार झालेत.

सायकल उलटी करून चाक फिरवलं. दर फेऱ्याला रिम एकाच जागी ब्रेकच्या रबराला घासत होती. स्पोक हबच्या भोकापाशी, मुरडीत तुटला होता आणि तोही चेनच्या बाजूचा, गिअरच्या चकत्यांमागे. त्या चकत्या, म्हणजे कॅसेट, काढायचं हत्यार माझ्याकडे नव्हतं.

तेव्हा फ्रेमला चिकटपट्टीने बांधलेल्या स्पोकच्या तीन तारा आठवल्या. निघायच्या आदल्या दिवशी मी पाया पडायला आलो, तेव्हा तुम्ही मागच्या चाकाचे स्पोक बोटाने एकेक छेडून बघितले. काही बोलला नाहीत. आत जाऊन नेहमीपेक्षा लांब अशा तीन तारा आणल्यात आणि बांधून दिल्यात. अण्णा, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?

तारेचं डोकं पकडीने तोडलं, टोकाला दोन काटकोनी मुरडी घातल्या, म्हणजे चकत्या न काढता बाजूने भोकात अडकते. पहिली तार वाकवताना मोडली. दुसरी आखूड पडली. तिसरी बसली. इथे पकड दोनदा दाबली की श्वास घ्यायला थांबावं लागतं. जुनं निपल रिममध्येच होतं, त्यात फिरवली, पाव-पाव फेरा देत.

चाकाचा आऊट काढताना मीही तुमच्यासारखे स्पोक छेडले. त्या बाजूच्या १६ पैकी पाच बोदे वाजले. तुम्ही लहानपणी तार पुन्हापुन्हा वाकवून तोडून दाखवली होती, ते आज हातात आलं. ढिला स्पोक दर फेऱ्याला थोडा सुटतो, थोडा ताणतो, आणि मुरडीतच थकतो. मी रस्त्याला दोष देत होतो. या गोट्यांवर चाक थोडं आधी गेलं असेल, एवढंच.

मागचा ब्रेक मोकळा ठेवून, पुढच्यावर जपून उतरलो. उद्या मोरेचं पठार, साधारण ४० किलोमीटर सपाट, मग तांगलांग ला. तिथल्या पाटीवर १७,५८२ फूट लिहिलंय म्हणतात. दर दहा किलोमीटरला थांबून स्पोक छेडणार आहे.

हे पत्र लेहला टाकीन. परत आलो की चाक आधी तुमच्याकडे, चार काय आठ दिवस ठेवा. पाकिटात तुटलेला तुकडा घातलाय. तुटलेली जागा उजेडात धरून बघा. अर्धी चकचकीत आहे, अर्धी मळकी. ती चीर आजची नाही.

आपला,
बाळू