बरे होऊन गेलेल्यांचा रकाना

प्रिय चिऊ,

ताईने पाठवलेला तुझा तीन वर्षांचा आराखडा सावकाश वाचला. आयोवातल्या मक्याच्या गावात स्वतःचं कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणक्यावर उपचार करायचं, क्लिनिक काढायचं, तेही शिक्षणाच्या कर्जाचं ओझं डोक्यावर असताना, याला धाडस लागतं. ते तुझ्यात आहे, त्याची मला काळजी नाही. मणक्यातलं मला काही कळत नाही. पण बँकेच्या मिरज शाखेत असताना डॉक्टरांची कर्जप्रकरणं माझ्याच टेबलावरून जायची, आणि मिरज म्हणजे गल्लोगल्ली दवाखाने. वॉनलेस हॉस्पिटलच्या काळापासून त्या गावाचं पोट रुग्णांवर आहे. त्यामुळे दवाखान्याचं गणित कागदावर कसं देखणं दिसतं आणि पुढे कुठे अडकतं, हे थोडंफार ओळखता येतं. हे पत्र छापायला देतोय, कारण इथेही फिजिओथेरपीचं शिक्षण घेतलेली पोरं असाच कागद घेऊन बँकेत जातात. तुझी हरकत नाही असं ताई म्हणाली.

हप्त्यांचा तक्ता चोख आहे. भाडं, टेबलं, रिसेप्शनवरचा माणूस, विम्याचे दावे पाठवायचं सॉफ्टवेअर, सगळं धरलं आहेस. मला खटकला तो एकच रकाना. ‘प्रत्येक पेशंटमागे सरासरी भेटी’ याखाली पहिल्या वर्षाला २४ आणि तिसऱ्या वर्षाला ४० असा आकडा आहे. मी पुन्हा चष्मा पुसून पाहिलं. चिऊ, याचा सरळ अर्थ असा होतो की एखाद्या शेतकऱ्याची कंबर सहा भेटींत सुटली, तर तुझं उद्दिष्ट चुकलं. तुझी मिळकत आणि त्याचं बरं होणं, दोघं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभे राहिले. असं ध्येय भिंतीवर लावलंस तर वर्षभरात तुझे हातही त्या आकड्यासारखा विचार करू लागतील. माणूस वाईट असावा लागत नाही, रकाना पुरतो.

हा आकडा तुझ्या डोक्यातून आलेला नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या व्यवसायात तो जुना आहे. टेक्सासात जेम्स पार्करने १९५१ पासून कायरोप्रॅक्टरांसाठी यशाची शिबिरं भरवायला सुरुवात केली. पेशंट कसे वाढवायचे, फोन कसा उचलायचा, पैशाचं बोलणं कसं काढायचं, हे सगळं तिथे शिकवत. त्यातलं बरंचसं उपयोगाचंच होतं; कॉलेजात हे कोणी सांगत नाही, आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांतही नाही. पण अशा शिबिरांतून मोजमापाची एक सवयही पसरली: किती नवे आले, प्रत्येक जण किती वेळा आला, किती वसूल झाले. बरे किती झाले, ते कोणी विचारलं नाही.

तू डॅव्हनपोर्टलाच शिकलीस, म्हणून तिथलीच गोष्ट काढतो. तुमच्या विद्येचा जनक डी. डी. पामर याने तिथे १८९५ मध्ये हार्वे लिलार्ड नावाच्या, ऐकू कमी येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असं सांगितलं. (कानाची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या वाटेने जात नाही, हे तुला ॲनाटॉमीत कळलंच असेल.) परवान्याशिवाय उपचार केले म्हणून त्याच पामरला १९०६ मध्ये तुरुंगात बसावं लागलं. पण बँकवाल्याला खरा रस वाटतो तो त्याच्या मुलात, बी. जे. पामरमध्ये. जाहिरातीचा बादशहा! त्याने डॅव्हनपोर्टचं डब्ल्यूओसी रेडिओ स्टेशन विकत घेतलं. रोनाल्ड रेगनला निवेदकाची पहिली नोकरी मिळाली ती तिथेच. त्याची कायरोप्रॅक्टिकची शाळा जोरात होती, नाव देशभर होतं. मग १९२४ मध्ये त्याने न्यूरोकॅलोमीटर आणलं. पाठीच्या दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक दाखवणारं यंत्र. ते विकत मिळणार नव्हतं, भाडेपट्ट्यानेच घ्यायचं. शिवाय याच्याविना अचूक निदान होऊच शकत नाही, असं तो सांगू लागला. म्हणजे आजवर त्यानेच शिकवून बाहेर पाठवलेले हजारो लोक एका रात्रीत अर्धवट ठरले. त्यांनी ते गिळलं नाही. माणसं दुरावली, काही शिक्षक बाहेर पडले आणि १९२६ मध्ये इंडियानापोलिसला त्यांनी वेगळं कॉलेज काढलं. कमाईचा नवा मार्ग काढताना त्याने आपल्याच माणसांचा विश्वास गहाण टाकला. पुढे तो सोडवता आला नाही.

ही गोष्ट उगाच काढली नाही. तुझ्या आराखड्यात दुसऱ्या वर्षी एक्स-रे मशीन आहे, कर्जावर. मिरजेत मी हे जवळून पाहिलं आहे. यंत्र दारात आलं की हप्ता सुरू होतो, आणि हप्ता सुरू झाला की पूर्वी ज्यांना फोटोची गरज नव्हती त्यांनाही ती भासू लागते. तुमच्याच अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने २०१७ मध्ये सांगितलं आहे, की धोक्याची लक्षणं नसतील तर नव्या कंबरदुखीत पहिल्या सहा आठवड्यांत मणक्याचे फोटो काढू नका. सुधारणा झाली का हे पाहण्यासाठी पुन्हापुन्हाही काढू नका. आणि मेडिकेअर, म्हणजे पासष्टीपुढच्यांचा सरकारी विमा, तर कायरोप्रॅक्टरने सांगितलेल्या एक्स-रेचे पैसेच देत नाही. तुझ्या गावात पासष्टीपुढचे शेतकरी किती आहेत, हे तूच लिहिलं आहेस. मग या मशीनचा हप्ता कोणाच्या खिशातून जाणार? ही ओळ खोड.

मेडिकेअरचंच आणखी थोडं. ते तुमच्या उपचारांपैकी फक्त हाताने केलेल्या मणक्याच्या अॅडजस्टमेंटचे पैसे देतं. पेशंटने ठरावीक रक्कम आधी स्वतः भरल्यावर मंजूर रकमेच्या ८० टक्के. तेही पेशंटमध्ये सुधारणा अपेक्षित असेपर्यंतच. नुसतं ‘आहे तसं ठेवण्यासाठी’ चाललेले उपचार त्यात बसत नाहीत. त्यासाठी पेशंटला आधी लेखी कल्पना द्यावी लागते आणि खर्च त्याचा. आणि तुम्हाला मेडिकेअरमधून पूर्णपणे बाहेर पडण्याची मुभाच नाही. एमडी डॉक्टरला आहे, तुला नाही. हे वाचून मी थक्क झालो. सरासरी ४० भेटींचा तुझा हिशेब या नियमापुढे कसा टिकेल, याचा विचार केलास का? सरकारी लेखापरीक्षक फाइल उघडतो तेव्हा पेशंट किती वेळा आला हे तो पाहतोच, पण प्रत्येक वेळी का आला आणि आधीपेक्षा किती सुधारला, हे लिहिलंय का, तेही पाहतो. बँकेतही असंच असायचं. रक्कम बरोबर आणि कागद कच्चा, असं प्रकरण सगळ्यात आधी अडकायचं.

तू म्हणशील, मामा, काही जणांना खरंच जास्त भेटी लागतात. लागत असतील. पण त्याचंही मोजमाप झालं आहे. जुनाट कंबरदुखीच्या ४०० जणांवर केलेली एक चाचणी २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. कोणाला शून्य, कोणाला सहा, कोणाला बारा, कोणाला अठरा सत्रं दिली. एकंदरीत बारा सत्रांचा गट सरस ठरला. अठरा करून जास्त पदरात पडलं नाही. आणि बारा सत्रांचाही फायदा बेताचाच होता. नुकतीच उसण भरलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या कॉलेजने २०१७ मध्ये सांगितलं, की असे बहुतेक जण काहीही केलं तरी काळानुसार बरे होतात. त्यामुळे गोळ्यांऐवजी आधी शेक, मसाज, अॅक्युपंक्चर, किंवा तुम्ही करता ते मॅनिप्युलेशन करून पाहा. यात तुमच्या विद्येला मान आहे आणि मर्यादाही आहे. दोन्ही घे.

तर माझं म्हणणं एवढंच: ‘सरासरी भेटी’चा रकाना काढ आणि त्याजागी ‘बरे होऊन गेलेले’ लिही. महिन्याला किती नवे आले, त्यातल्या किती जणांना तू सहाव्या भेटीला नीट तपासून ‘आता येऊ नका, हे व्यायाम घरी करा’ म्हणून पाठवलंस, त्यातले किती वर्षभरात पुन्हा दुखलं म्हणून परत आले, आणि किती जणांनी बायकोला, शेजाऱ्याला, सहकाऱ्याला पाठवलं. शेवटचा आकडा म्हणजे तुझी खरी वाढ. गाव लहान आहे. मोलीनच्या जॉन डिअरकडे काम करणारा एक माणूस ‘ती पोरगी उगाच बोलवत नाही’ असं कॅन्टीनमध्ये म्हणाला, तर तशी जाहिरात बी. जे. पामरच्या रेडिओलाही करता आली नसती.

दुसरा रकाना पाठवलेल्यांचा. कोणाला तू हात लावला नाहीस आणि थेट डॉक्टरकडे किंवा इमर्जन्सीला धाडलंस. लघवीवरचा ताबा गेलेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आलेला, कर्करोग होऊन गेलेला आणि रात्री झोपू न देणारी पाठदुखी असलेला, अचानक मानेत जोराची कळ येऊन बोबडी वळलेला. मानेतली रक्तवाहिनी फाटलेली असेल तर तिथे झटका देणं म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. नव्या क्लिनिकमध्ये पेशंट कमी असतात, तेव्हा आलेल्याला परत पाठवायला हात धजत नाही. म्हणून हे आकड्यात धर, मग ते करताना उत्पन्न बुडाल्यासारखं वाटणार नाही.

आणि त्या डॉक्टरांना पत्र लिही, दर वेळी, एका पानाचं. तुझ्या आधीच्या पिढीला ही सोय नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या लेखी कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणं नीतीला धरून नव्हतं. चेस्टर विल्क आणि आणखी काही कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये दावा लावला. न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी १९८७ मध्ये निकाल दिला, की हा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. अकरा वर्षं भांडून उघडलेलं ते दार आहे. गावातल्या फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर महिन्याला तुझी चार नीटनेटकी पत्रं गेली, तर तुझ्या आराखड्यातल्या, मॉलमधल्या फुकट तपासणीच्या स्टॉलची गरज उरणार नाही. तो स्टॉल मला मुळीच आवडला नाही. फुकट स्कॅन करून लोकांना घाबरवायचं, मग पॅकेज विकायचं, हे आपल्याकडे आरोग्य शिबिरांच्या नावाखाली खूप चालतं.

इन्स्टाग्रामबद्दल मला बोलायचं नाही. मणके कडाकडा मोडल्याचे व्हिडिओ लोक बघतात म्हणे. बघोत.

एक घरचं. डे मॉइन, शिकागोकडची महाराष्ट्र मंडळाची माणसं येतील. ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणत इंडियातला एमआरआय घेऊन येतील, आणि को-पे, म्हणजे पेशंटचा स्वतःचा वाटा, द्यायच्या वेळी ‘अगं आपलंच क्लिनिक’ म्हणतील. भीड धरू नकोस. को-पे सर्रास सोडणं तिथे कायद्याच्या अडचणीचं ठरू शकतं, विशेषतः सरकारी विम्यात. आपलेपणा दाखवायचा तर घरी बोलावून पोहे दे.

पैशाचं शेवटी. सहा महिन्यांचा खर्च खेळतं भांडवल म्हणून वेगळा ठेव, कारण विम्याचे पैसे दावा केल्या दिवशी येत नाहीत आणि काही दावे परत येतात. पहिली दोन वर्षं दुसरा डॉक्टर नेमू नकोस. त्याचा पगार निघावा म्हणून पुन्हा भेटी वाढवाव्या लागतील, आणि आपण जिथून निघालो तिथेच येऊ.

घरमालक पाच वर्षांच्या करारावर तुझी वैयक्तिक हमी मागतोय, असं ताई म्हणाली. नव्या रकान्यांवर आकडे बसवून आराखडा मला पाठव, आणि कराराचा कागद तिथल्या वकिलाला दाखव. तोवर त्यावर सही करू नकोस.

तुझा,
मामा