गोरज आणि कॅमेरा

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. ठाणे

उद्या मतदान, म्हणून उपवनला गर्दी नसेल असं वाटलं होतं. कुठलं काय! पंचांगात सूर्यास्त सहाचा, पण उपवन ते मानत नाही. तळ्याच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर. सूर्य निदान अर्धा तास आधीच त्याच्या आड जातो. मागे उरतो तो मऊ, एकसारखा उजेड. चेहऱ्यांना उत्तम. शनिवारच्या नवरदेवाला फोन करून तसं सांगितलं.

“नाही दादा, सूर्य पाहिजेच.”

मग लग्नानंतर एखाद्या संध्याकाळी डोंबिवलीचं रेतीबंदर.

२३ नोव्हेंबर, शनिवार. डोंबिवली

निकालाचा दिवस. रस्त्यावर गुलाल, ताशे, फटाक्यांचा धूर. लग्न गोरज मुहूर्तावर. उजेड सोन्यासारखा होतो तो नेमका तेव्हाच, आणि तेव्हाच नवरानवरी हॉलमध्ये अंतरपाटाच्या दोन बाजूंना! गुरुजींकडे दहा मिनिटं मागण्यात अर्थ नसतो. मागूही नयेत.

पण त्याआधी नवरी गौरीहरापाशी एकटी बसलेली असते. खोलीला पश्चिमेची खिडकी होती. ट्यूबलाइट बंद करायला लावल्या. उन्हाची तिरीप शालूच्या जरीवर, मुंडावळ्यांची सावली गालावर, हातात तांदूळ. तिला काही सांगावं लागलं नाही. मामा न्यायला आले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. “मामा, दोनच मिनिटं,” म्हटलं. त्यांनी एक दिलं.

१ डिसेंबर, रविवार. रेतीबंदर

अमावास्या दुपारी संपली, म्हणून आजींनी जोडीला सोडलं. खाडीवर धुरकट, डास भरपूर.

मे महिन्यात इथला सूर्य भिवंडीच्या अंगाला मावळतो. या दिवसांत तो दक्षिणेकडे सरकून पारसिकच्या डोंगराकडे जातो. परदेशी व्हिडिओंत हा सोनेरी उजेड तासभर पुरतो. लंडन ५१ अंशांवर. तिथे सूर्य तिरका, रेंगाळत उतरतो. आपण १९ अंशांवर, इथे तो जवळजवळ सरळ खाली येतो. शेवटचे सहा अंश अर्ध्या तासात संपतात, त्यातली शेवटची मिनिटं डोंगर खातो.

म्हणून पोज शिकवत बसलो नाही. नुसतं चाला, बोला म्हटलं. सूर्य त्यांच्या पाठीशी, समोरून मदतनिसाच्या हातात पांढरा थर्माकोल, म्हणजे चेहरे काळे पडत नाहीत. एक्स्पोजर नवरीच्या गालावरून. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर. ऑटोवर ठेवला की कॅमेरा तो पिवळेपणा आजार समजून बरा करतो. नवरदेवाला सूर्य चिमटीत धरायचा होता. तेही काढलं, हौसेला मोल नसतं.

सूर्य गेला तशी दोघं चपला शोधू लागली. थांबवलं. तोंडं पश्चिमेकडे वळवायला सांगितली. आता सगळं आकाशच दिवा. मघाशी नुसती काळपट दिसणारी पैठणी जांभळी झाली, पदरावरचे मोर दिसू लागले, हिरव्या चुड्याला रंग आला. आयएसओ १६०० वर नेला, छिद्र एफ-२. वीसेक मिनिटं मिळाली. माझ्या मते संध्याकाळचे फोटो म्हणजे हेच; सूर्य असताना करायची ती तयारी.

२ डिसेंबर, सोमवार

नवरदेवाचा निरोप: शेवटच्या फोटोंत मागे सूर्य टाकता येईल का? येतो. टाकणार नाही, असं कळवलं. रेतीबंदरचा एकही फोटो अजून ठरलेला नाही, पण गौरीहराचा नवरीच्या आईंनी १२ बाय १८ मध्ये, फ्रेमसकट मागितलाय.