तणशीवरच्या उड्या

२ डिसेंबर २०२४, सोमवार
२६ जानेवारीला यंदा नुसती कवायत नको, ‘आयपीएलवाल्या उड्या’ पाहिजेत, असा आठवीच्या मुलींचा हट्ट. मी खो-खो शिकवणारी बाई; चिअरलीडिंग पाहिलं ते २००८ पासून टीव्हीवर. रात्री वाचत बसले. १८९८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात याची सुरुवात झाली, तीही मुलांनी केली. उद्या वर्गात सांगेन. मुलांचं खिदळणं तरी थांबेल.

५ डिसेंबर, गुरुवार
पहिली उडी टक : हवेत गुडघे छातीशी. शाळेच्या सिमेंटच्या अंगणातच घेतली. तासाच्या शेवटी एकजण नडगी धरून बसली. चूक माझी. उड्या बंद.

७ डिसेंबर, शनिवार
धान चुरून झालंय. एका मुलीच्या बाबांनी बंडीभर तणस आणून टाकली. बारदानाच्या पोत्यांत भरून सुतळीनं शिवली. जाडी चारच बोटं. जास्त भरली की पाऊल मुरगळतं. गाद्या मैदानातल्या मातीवर अंथरल्या. आज फक्त उतरणं : पायरीवरून, पाय जुळवून, गुडघे वाकवून. मी पाठमोरी उभी. ‘धप्प’ ऐकू आलं की पुन्हा पायरीवर.

१६ डिसेंबर, सोमवार
टो-टच. सगळ्या वाकून अंगठे धरायला जातात. “पायच नाही उठून राहिले जी मॅडम!” नावच फसवं आहे. हातांनी खाली जायचंच नाही. पाठ ताठ, हात खांद्याच्या रेषेत, वर यायचं ते पायांनी. त्यासाठी जमिनीवर पाय फाकवून बसायचं, तळहात पुढे टेकायचे आणि पाय चार बोटं उचलायचे, दहा वेळा. तिसऱ्या वेळेपर्यंत हसू, सहाव्यानंतर सगळं चिडीचूप. खो-खोवाल्यांना लवकर जमतंय. चौकात बसून उठणं त्यांच्या मांड्यांत मुरलंय.

२८ डिसेंबर, शनिवार
हर्की : एक पाय बाजूला सरळ, दुसरा गुडघ्यात दुमडलेला. लॉरेन्स हर्किमर या अमेरिकी माणसाच्या नावावरून आलेली. त्यानं १९४८ मध्ये चिअरलीडरांची संघटना काढली. आमच्याकडे मात्र, “हरखून मारायची ती हरकी!”

११ जानेवारी २०२५, शनिवार
उड्या येतात, पण सोळाजणी सोळा वेळा उतरतात. शिट्टी ठेवून दिली. लेझमीला हलगी वाजवणाऱ्या पोराला बोलावलं. आठाची मोजणी : एकला हात वर, तीनला गुडघे वाकवून हातांचा झोका, पाचला हवेत, सातला ताठ. हलगीवर पोरी अर्ध्या तासात जुळल्या.

२६ जानेवारी, रविवार
वैनगंगेकडून गार वारा, म्हणून अंग तापवायला दहा मिनिटं जादा दिली. टो-टच अकराजणींना दिला, पाचजणींना टकच. शेवटच्या उडीला सोळाजणी एका ठोक्यावर टेकल्या. टाळ्या त्यानंतर.

दुपारी पोती उसवली, तणस गोठ्यात परत गेली. पुढच्या वर्षी हा तास जो कोणी घेईल, त्यानं एवढं पाळावं : पहिला आठवडा फक्त उतरणं, आणि सिमेंटवर एकही उडी नाही.