जाऊबाईंचा प्रश्न

आमच्या थोरल्या जाऊबाई मानपाड्याला राहतात. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा तीन दिवसांच्या तापात गेला. आम्ही ख्रिस्ती माणसं. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘प्रभूची इच्छा’ म्हणून जाई. मीही म्हटलं, खोटं कशाला बोलू? तशा त्या ताडकन् म्हणाल्या, “तुझी दोन्ही आहेत ना घरी? मग त्याची इच्छा तू नको सांगूस मला!”

कानशिलं तापली माझी. घरी येऊन ईयोबाचं पुस्तक उघडलं. त्याचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर ठीक होतं. मग लागले कारणं सांगायला! शेवटी देवाचा कोप झाला तो ह्या शहाण्यांवर. जाब विचारणारा ईयोब योग्य बोलला, असं देवच म्हणाला.

आपल्या पंडिता रमाबाईंचंच पाहा ना. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, १८८२ साली पटकीने नवरा. पुढे ख्रिस्ती झाल्या म्हणून दुःख थोडंच थांबलं? १९२१ साली एकुलती एक मनोरमा गेली. केडगावच्या मुक्ती मिशनचा भार तिच्यावर सोपवायचा, ही आईची आशा. पुढच्याच एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. ह्याचं कारण मला नाही बाई सांगता येणार.

आता रविवारची उपासना आटोपली, की मी परस्पर मानपाड्याला जाते. बोलत नाही, भाजी निवडते. जाऊबाई प्रार्थनेत अजून देवाशी भांडतात. पण प्रार्थना चुकवत नाहीत. गेल्या खेपेला त्यांनी आपणहून मुलाचा सदरा काढून दाखवला.

“इस्त्री करून ठेवते गं मी अजून.”