पेढीची तार आणि शेजारधर्म

दूरध्वनी दुर्मीळ होता त्या काळातील लग्नपत्रिका काढून पाहिल्या, तर क्रमांकापुढे ‘पी.पी.’ ही दोन अक्षरे अनेकदा आढळतात. फोन आमचा नाही, शेजारचा आहे, निरोप मात्र आम्हांस मिळेल, एवढाच त्यांचा अर्थ. आपल्या व्यापारी घराण्यांतील कित्येक पेढ्यांनी हे निरोप वर्षानुवर्षे पोचविले. हाक मारण्यास दुकानातला मुलगा धावे, आणि बिल पेढीच्या नावे येई. संगणकाला ‘हॉटस्पॉट’ बनविणे हा त्याच शेजारधर्माचा आजचा अवतार आहे, असे मला वाटते.

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी हे आमचे बाजाराचे गाव. येथे माझ्या पुतण्याची पेढी आहे. इंटरनेटची तार थेट पेढीवरील संगणकाला जोडलेली होती; राउटर नव्हता. 2020 साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. शेजारच्या घरांत मुले होती, कसाबसा एखादा मोबाईल होता. परंतु रोजच्या तासांना पुरेल एवढा डेटा विकत घेणे हातावर पोट असणाऱ्यांना परवडणारे नव्हते. नवा राउटर त्या दिवसांत मिळेना. तेव्हा संगणकाचाच उपयोग करावा, असे मी सुचविले.

युक्ती सोपी आहे. संगणक तारेने इंटरनेट घेतो आणि आपल्या वाय-फायने ते इतरांना देतो. विंडोज 7 मध्ये, म्हणजे 2009 पासून, ही सोय आज्ञा टंकून करता येत असे. ऑगस्ट 2016 मधील विंडोज 10 च्या सुधारणेपासून ती सेटिंग्जमध्ये ‘मोबाईल हॉटस्पॉट’ या नावाने एका बटणावर आली. पेढीवरील संगणकाला वाय-फायचे यूएसबी अडॅप्टर आधीपासून होते, म्हणून वेगळा खर्च पडला नाही.

पुतण्या मात्र विचारात पडला. म्हणाला, “काका, उधारी-वसुलीचा सगळा हिशोब याच संगणकात आहे. गल्लीला दार उघडून कसे चालेल?”

शंका रास्त होती. हॉटस्पॉटला जोडलेले प्रत्येक साधन आपल्या संगणकाच्याच जाळ्यात येते. त्यात एखादे फोल्डर सामायिक ठेवलेले असेल, तर ते दुसऱ्यास दिसू शकते. शिवाय बाहेरच्या जगाला ही सारी साधने एकाच पत्त्याची दिसतात, आणि तो पत्ता आपल्या जोडणीचा असतो. कोणी गैरवापर केला, तर विचारणा प्रथम आपल्याकडेच होणार. बँकेच्या भाषेत बोलायचे, तर ही जामिनकीच आहे.

मी त्यास म्हणालो, “अरे, बँकेचा काउंटर सर्वांसाठी खुला असतो, तिजोरीची किल्ली वेगळी असते.” त्याप्रमाणे आम्ही फोल्डरची सामायिकता बंद केली, हिशोबाच्या प्रणालीस स्वतंत्र पासवर्ड दिला, आणि हॉटस्पॉटचा लांबलचक पासवर्ड पालकांच्याच मोबाईलमध्ये स्वतः भरून दिला. तो दर महिन्यास बदलत असू. लहरींची 2.4 गिगाहर्ट्झ ही पट्टी निवडली, कारण 5 गिगाहर्ट्झपेक्षा ती भिंतींपलीकडे बरी पोचते. संगणक झोपी गेला की हॉटस्पॉटही बंद पडतो, म्हणून तासांच्या वेळी त्याची झोप बंद ठेवली.

खरी अडचण पुढेच होती. विंडोजच्या या सोयीत एका वेळी आठच साधने जोडता येतात. पेढीचा पैसे स्वीकारण्याचा मोबाईल एक, घरचा एक, उरली सहा. मुले त्याहून अधिक. मग पुतण्याने वहीत वेळापत्रक आखले. दहावीच्या मुलांना पहिला मान, भावंडांना मिळून एक मोबाईल, आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना घरचा मोबाईलही जोडणीतून काढून ती जागा एखाद्या मुलास. कोणास किती द्यावे, याचा असा चोख हिशोब मी बँकेतही क्वचितच पाहिला.

ही सोय आम्ही विनामूल्य ठेवली, आणि तेच योग्य होते. घरगुती जोडणी पैसे घेऊन वाटण्यास कंपन्यांच्या अटी सहसा परवानगी देत नाहीत. ज्यांस हा रीतसर व्यवसाय करावयाचा आहे, त्यांच्यासाठी निराळा मार्ग आहे. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेस मंजुरी दिली. तीनुसार किराणा दुकानदारही परवान्याविना सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. ग्राहकाची ओळख पटविणे व हिशोब ठेवणे हे काम नोंदणीकृत संस्था पाहतात. जुन्या एसटीडी-पीसीओचेच हे नवे रूप म्हणावे.

वाचकहो, आपल्या पेढीवरही असा एखादा संगणक असेल. शेजारच्या मुलास परीक्षेचा अर्ज भरावयाचा असेल, कोणा वृद्धास परगावच्या लेकीचा चेहरा पाहावयाचा असेल, तर बटण दाबण्यास संकोच करू नये. मात्र त्याआधी तिजोरी बंद आहे ना, हे पाहावे.