इंद्रवेल्लीचं मोरपीस

नागपूरहून हैदराबादकडे जाताना आदिलाबाद मागे पडलं की गुडीहतनूरला उटनूरचा फाटा लागतो. त्याच रस्त्यावर इंद्रवेल्ली. २० एप्रिल १९८१ च्या पोलीस गोळीबारात बळी गेलेल्या गोंड बांधवांचं स्मारक इथे आहे. शेजारच्या केसलापूरला पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते.

दिवाळीत या भागातल्या गोंड गावांमधून दंडारी निघते. गुसाडी अंगाला राख फासतात, डोक्यावर शेकडो मोरपिसांचा टोप चढवतात आणि व्रत संपेपर्यंत आंघोळ करत नाहीत. टोपाची आधी पूजा होते. मर्लावाईच्या कनक राजूंना या नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

हेच पीस माझ्याही छंदातलं. हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरायला गळावर खोटी माशी बांधतात. पिसाच्या डोळ्याखालचे तीन-चार तंतू दोऱ्यासोबत पिळायचे, गळाच्या दांडीवर दाट गुंडाळायचे, वरून तांब्याची बारीक तार. ओलं झालं की ते हिरवट-तांबूस चमकतं आणि माशाला किडा वाटतो. माशी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची, पाण्यासोबत वाहू द्यायची. दोरी थबकली की काठी उचलायची. ट्राउट थंड पाण्यातला, आदिलाबादच्या ओढ्यांत तो तगणार नाही.

पावसाळा सरताना मोर आपणहून पिसं झाडतो. टोप काय, माशी काय, तेवढ्यावरच भागायला हवं. १९७२ च्या कायद्याने मोर संरक्षित आहे, पिसांच्या निर्यातीला बंदी आहे.

तेव्हा मुलांनो, दंडारी जरूर बघा. टोपाला हात लावू नका, आणि परदेशी परतताना बॅगेत पीस ठेवू नका.