माऊसने विचारली जन्मतारीख

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती आणि मी ऑफिसात दाखल-खारीज रजिस्टर उघडून बसले होते. एका जुन्या विद्यार्थ्याला दाखला हवा होता. तेवढ्यात मोबाइलवर ई-मेल आला: तुमचं खातं तयार होत आहे, हा सहा आकडी कोड टाका. पाठवणाऱ्याचं नाव कधी ऐकलेलं नाही. ओटीपीच्या फसवणुकीच्या इतक्या बातम्या कानावर येतात की काळजात धस्स झालं. आधी बँकेतली शिल्लक पाहिली. ती जागच्या जागी होती. मग घरी फोन लावला, तर आमच्या धाकट्याचा आवाज, "अम्मी, कोड आला का? लवकर सांग ना, थोडाच वेळ चालतो तो."

हे सगळं त्याच्या माऊसचं प्रकरण होतं. या वर्षी त्याने दोन्ही ईदींचे पैसे जपून ठेवले, त्यात मामूंनी भर घातली आणि एक गेमिंग माऊस मागवला. बारा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या ईदीतून घेतलेली वस्तू, म्हणून मी फार बोलले नाही. आमच्या शाळेच्या संगणक खोलीतले माऊस ओळीने ठेवले तर सगळे एकाच आईची लेकरं वाटावीत. हा मात्र उरुसातल्या रोषणाईसारखा. पोटातून लाल, मग हिरवा, मग निळा उजेड वाहत राहतो. अंगठ्याजवळ दोन जादा बटणं, चाकामागे आणखी एक. संगणक बंद केला तरी तो विझत नाही, कारण बंद संगणकाच्या यूएसबीतूनही वीज येत राहते. भिंतीवरचं मेन बटण बंद करावं तर त्याच बोर्डावर वायफायचा डबा आहे, आणि मुलांच्या अब्बांचा कुवेतहून फोन येतो तो रात्री उशिरा.

संगणक आहे दादींच्या खोलीत. रात्रभर भिंतीवर रंग फिरत असत आणि दादी त्या बाजूला पाठ करून झोपत. त्या कधी तक्रार करत नाहीत, म्हणून आम्हीच ठरवलं की त्यांना त्रास होतोय. मी दोन रात्री माऊसवर रुमाल टाकला, तिसऱ्या रात्री विसरले. शेवटी मुलाला सांगितलं, हा दिवा घालव. त्याला तेच हवं होतं. दिवा घालवायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि एकदा ते आलं की बाजूच्या बटणांना गेममधली कामं नेमून देता येतात. दादींचं निमित्त झालं.

घरी आले आणि त्याच्या शेजारी बसले. सॉफ्टवेअर उतरवून झालं होतं. पहिल्याच पानावर ई-मेल, पासवर्ड, देश आणि जन्मतारीख. "नंतर पाहू" असं म्हणायला कुठे जागाच नाही. त्याने ई-मेल माझा दिला होता. जन्मवर्षाच्या जागी होतं 1999.

मी विचारलं, "तुझा जन्म 1999 चा? मग माझं लग्न कधी झालं?"

तो हसला नाही. म्हणाला, "खरी तारीख टाकली तर तुम्ही पात्र नाही म्हणतं. सगळेच असं करतात, अम्मी. मला काय चोरी करायचीय? माझाच माऊस आहे."

त्याचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. माऊस त्याचाच होता. पैसे दिलेले, वस्तू घरात, बिल ड्रॉवरमध्ये. तरीही तिचा दिवा विझवण्यासाठी परवानगी मागायची, आणि परवानगी मिळण्यासाठी वय चोरायचं.

मी तंत्रज्ञ नाही, पण शाळेची संगणक खोली माझ्याकडे असल्यामुळे थोडंफार कळतं. माऊस चालायला खरं तर काहीच लागत नाही. यूएसबीचा एक ठरलेला शिरस्ता आहे. कुठल्याही कंपनीचा माऊस जोडा, संगणक त्याला ओळखतो, आणि डावं-उजवं बटण, चाक हे लगेच चालतं. कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं ते वरच्या कामांना: दिव्याचा रंग, बटणांची कामं, माऊस एक इंच सरकला की पडद्यावरचा बाण किती पळावा ते. यातलं एकही काम असं नाही की ज्याला मालकाचं वय ठाऊक असावं लागतं. लॉजिटेकचं जी हब खात्याशिवाय चालतं. रेझर कंपनीच्या 'नागा' माऊसवरून 2012 मध्ये इंटरनेटवर मोठा गदारोळ झाला होता. (आमचा माऊस त्या कंपनीचा नाही.) एका ग्राहकाने नवा माऊस आणला, तर खातं चालू केल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडेना, आणि खातं चालू करणारा सर्व्हरच बंद. तुमच्या आवडीनिवडी आमच्याकडे साठवल्या की कुठल्याही संगणकावर तुम्हाला मिळतील, असं कंपनीचं म्हणणं होतं. सोय आहे, नाकारत नाही. पण सोय मागणाऱ्याला द्यावी. पुढे त्याच कंपनीने पाहुणा म्हणून, खात्याशिवाय वापरायची वाट ठेवली. म्हणजे करता येत होतं.

डग्लस एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेतला पहिला माऊस लाकडी होता, खाली दोन चाकं आणि वर एकच बटण. 1968 मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस लोकांसमोर चालवून दाखवला. मुलाला हे सांगितलं तर म्हणाला, "दिवा होता त्यात?"

तेराच्या आतल्या मुलांना हे खातं का मिळत नाही, तेही त्याला सांगितलं. अमेरिकेत 1998 चा एक कायदा आहे, तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी आईबापाची संमती घ्यावी लागते. संमती घेणं कटकटीचं, म्हणून बऱ्याच कंपन्या मुलांना दारातच अडवतात. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात तर अठरापर्यंत मूल मानलं आहे. पालकांची खात्रीशीर संमती हवी, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं त्यात आहे. पण त्या पानावर मला कोणी काही विचारलंच नाही. दार बंद केलं, आणि खोटा आकडा टाकताच उघडलं. आता कंपनीच्या लेखी आमच्या घरात एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण आहे. त्याला ज्या जाहिराती दाखवायच्या त्या दाखवता येतात, आणि उद्या काही झालं तर खोटं बोलला तो माझा मुलगा.

एवढं सगळं समजावून झाल्यावर मी म्हणाले, "ते खोड आणि माझ्या नावाने खातं उघड. माझी तारीख टाक." आणि सवयीने सांगितलं, "एक जून एकोणीसशे ऐंशी."

त्याने टाईप केलं आणि थांबला. "अम्मी, तुझा वाढदिवस तर पावसात असतो. नानी म्हणते, तू झालीस तेव्हा रमजान होता आणि नदीला पूर होता."

महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीला एक जूनचं गुपित सांगायला नको. आईने पोराला शाळेत आणलं, तारीख ठाऊक नाही किंवा वयात बसत नाही, मास्तरांनी लिहिलं एक जून. दर वर्षी एकतीस मेला इतके शिक्षक एकदम निवृत्त होतात ते त्याचमुळे, आणि मीही एक दिवस त्याच तारखेला होईन. 1980 चा रमजान जुलैच्या मध्यात सुरू झाला होता. म्हणजे मी कागदावर दीड-दोन महिन्यांनी मोठी आहे. आधार, नोकरी, पासपोर्ट, सगळीकडे. त्या दिवशी सकाळी ज्या रजिस्टरावर वाकून बसले होते, त्यात अशा एक जूनची पानंच्या पानं भरली आहेत.

मी म्हटलं, "ते मास्तरांनी मला शाळेत घ्यायचं म्हणून केलं."

"मलाही आतच जायचं होतं," तो म्हणाला. आवाजात उद्धटपणा नव्हता, खरंच विचारत होता.

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. माझी चुकीची तारीख सरकारने मान्य केलेली आहे आणि मी ती लपवत नाही, असं काहीतरी म्हणाले. त्याने मान हलवली. पटलं असेल असं वाटत नाही. पण खातं त्याच तारखेने उघडलं. दुसरी कोणतीही तारीख टाकली असती तर आधार कार्डाप्रमाणे ती खोटी ठरली असती.

अटींचं पान मी वाचून काढलं. नववीच्या निबंधांचा गठ्ठा संपवावा तसा वेळ गेला. मग कोड आला, टाकला, सॉफ्टवेअर उघडलं. या माऊसमध्ये एक चांगली गोष्ट निघाली. त्याच्या पोटातच थोडी स्मरणशक्ती आहे. एकदा सेटिंग त्यात साठवली की पुढे सॉफ्टवेअर नसलं तरी माऊस ती लक्षात ठेवतो. तुमच्या घरी असा माऊस असेल तर ही सोय आहे का ते आधी पाहा, विकत घेण्यापूर्वी पाहिलं तर उत्तमच. मुलाने बटणं नेमली, दिवा बंद केला, सगळं माऊसमध्येच साठवलं. त्यानंतर आम्ही सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि खातं कायमचं बंद करण्याचा अर्ज केला. ते बटण शोधायला उघडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. दोन वेळा विचारलं, नक्की जाताय का? दोन्ही वेळा मुलानेच हो म्हटलं.

त्या रात्री खोलीत छान अंधार होता. मला बरं वाटलं.

पहाटे दादींची हाक आली. तहज्जुदला उठल्या होत्या आणि दाराजवळ चाचपडत उभ्या होत्या.

"बेटा, तो रंगीत दिवा का बंद केलात? मी त्याच्याच उजेडात चप्पल शोधायचे."